बाटली उघडल्यानंतर

हल्ली 'फ्री' हा शब्द कुठल्याही वस्तूला चिकटवला की ती आपोआप पवित्र होते. शुगर-फ्री, ग्लुटेन-फ्री, पॅराबेन-फ्री... आणि आता हापिसातल्या टेबलांवर बघावं तर 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' आय ड्रॉप्स. दिवसाचे दहा तास स्क्रीनकडे टक लावून बसणाऱ्या आपल्या जमातीचे डोळे कोरडे पडणारच. त्यात उलव्यात राहत असाल तर बघायलाच नको. विमानतळ, रस्ते, टॉवर... गेली कित्येक वर्षं इथे कुठे ना कुठे उकरणं चालूच आहे. संध्याकाळी बामणडोंगरी स्टेशनातून बाहेर पडलं की आधी डोळ्यांत धूळ जाते आणि मग घर दिसतं. तेव्हा ड्रॉप्स वापरण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या 'फ्री'बद्दल आणि त्यावर आपण ज्या भाबडेपणाने विश्वास टाकतो त्याबद्दल.

"अरे, यात केमिकल नाही, म्हणजे सेफ," हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी तिघांच्या तोंडून ऐकलं. तिघेही इंजिनियर. एखाद्या सिस्टिममधून एक भाग काढून टाकला तर तो भाग काय काम करत होता हे आधी विचारायचं, एवढं तरी आपल्याला चार वर्षांत शिकवलेलं असतं ना?

तर आधी ते काम काय ते बघू.

कारखान्यातून निघालेली ड्रॉप्सची सीलबंद बाटली निर्जंतुक असते (असायला हवी, त्याबद्दल पुढे). सील तोडल्यावर खरी गंमत सुरू होते. आपण बाटली दाबतो, थेंब पडतो, आपण बोटं सैल सोडतो. बाटली पुन्हा फुगते आणि गेलेल्या थेंबाच्या जागी बाहेरची हवा आत खेचली जाते. हवेबरोबर नळीच्या टोकावर जे काही असेल तेही आत. पापणीला टोक लागलं असेल तर पापणीवरचं, बोट लागलं असेल तर बोटावरचं. एक थेंब साधारण ४० ते ५० मायक्रोलिटरचा धरला तर १० मिलीच्या बाटलीत २०० ते २५० थेंब होतात. म्हणजे बाटली संपेपर्यंत ती दोनशेहून जास्त वेळा असा श्वास घेते. लोकल ट्रेनमध्ये, बाथरूममध्ये, हापिसातल्या एसीखाली.

प्रिझर्व्हेटिव्ह असतं ते या प्रत्येक श्वासासाठी. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड. प्रमाण बहुतेक वेळा ०.०१ टक्क्याच्या आसपास, म्हणजे दहा हजार भागांत एक भाग. हे एक प्रकारचं डिटर्जंट आहे. जंतूच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पाडतं आणि जंतू मरतो. कारखान्यातली घाण झाकायला ते घातलेलं नसतं, आणि घाण कारखान्यातूनच आली असेल तर ते पुरेलच असंही नाही. सील तुटल्यानंतर तुमच्या-माझ्या हातून जे काही आत जाणार आहे, त्याच्यासाठी ते असतं.

आता 'सीलबंद म्हणजे निर्जंतुक' या गृहीतकाकडे वळू, कारण इथे आपल्या धंद्यातली एक आवडती अंधश्रद्धा आडवी येते. टेस्ट पास झाली म्हणजे माल चांगला!

निर्जंतुकपणा तपासायचा तर बाटली फोडावी लागते, आणि फोडलेली बाटली विकता येत नाही. म्हणून घाणीतून काही नमुने घ्यायचे. (हो, औषध कारखान्यात एका बॅचला 'घाण' म्हणत नाहीत, पण तेल गाळणाऱ्यांचा शब्द आहे, मला आवडतो.) इंजेक्शनच्या मोठ्या बॅचमधून साधारण २० नग उचलतात आणि पोषक द्रवात १४ दिवस ठेवून काही वाढतंय का ते बघतात. आता समजा, बॅचमधल्या दर शंभर नगांमागे एकात जंतू आहेत. हे प्रमाण भयंकर आहे, लाखाच्या बॅचमध्ये हजार दूषित नग! तरी २० नगांत त्यातला एकही न सापडण्याची शक्यता किती? ०.९९ चा विसावा घात. कॅल्क्युलेटरवर करून बघा, जवळजवळ ८२ टक्के. म्हणजे पाचपैकी चार वेळा ही बॅच छातीठोकपणे 'पास' होणार. हजारात एक नग दूषित असेल तर ९८ टक्के वेळा पास.

त्यामुळे निर्जंतुकपणा तपासून मिळत नाही, तो प्रक्रियेतच असावा लागतो. काचेतलं इंजेक्शन भरून, सील करून मग १२१ अंशांवर १५ मिनिटं वाफेत ठेवता येतं. ड्रॉप्सची मऊ प्लास्टिकची बाटली त्या तापमानाला वितळून जाईल. म्हणून द्रव ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा आणि स्वच्छ खोलीत, स्वच्छ हवेच्या झोतात, आधीच निर्जंतुक केलेल्या बाटलीत भरायचा. भरल्यानंतर उकळून घेण्याची दुसरी संधी नाही. सगळी भिस्त त्या खोलीवर, फिल्टरवर आणि तिथे काम करणाऱ्या माणसांच्या हातमोज्यांवर.

आता एक जुनी गोष्ट. ती डोळ्यांच्या औषधाची नाही, प्लेगच्या लसीची आहे, पण प्रिझर्व्हेटिव्ह काढून टाकणं म्हणजे काय हे तिच्याइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे सापडलं नाही. आणि ती आपल्या शेजारची आहे. उलव्याकडून अटल सेतूवर चढलं आणि शिवडीला उतरलं की परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट जवळच आहे. केईएमला जाताना त्याच्यासमोरून आपण शंभरदा गेलेलो असतो.

वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारने त्याला इथे आणलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. मागणी अफाट होती, पंजाबात प्लेग हाताबाहेर चालला होता आणि परळहून बाटल्याच्या बाटल्या जात होत्या.

आधीच्या कृतीत लशीतले जंतू उष्णतेने मारायचे आणि वर अर्धा टक्का कार्बोलिक अॅसिड घालायचं. पुढे हाफकिनने कृती बदलली आणि कार्बोलिक काढून टाकलं. उष्णतेने निर्जंतुक झालं ना, मग अॅसिड कशाला? पॅरिसलाही नुसत्या उष्णतेवर काम चालत होतंच, आणि नव्या कृतीने लस जास्त वेगाने बनत होती. निर्णय मूर्खपणाचा अजिबात नव्हता. आपल्यापैकी कोणीही तो घेतला असता.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकवाल गाव (इंग्रजी कागदपत्रांत मुल्कोवाल). त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या एका बाटलीतून, क्रमांक ५३ एन, ज्या १९ जणांना टोचली होती ते सगळेच्या सगळे धनुर्वाताने मेले. बाकीच्या ८८ जणांना काही झालं नाही.

चौकशी बसली. आयोगाने ठपका ठेवला तो मुंबईवर: जंतू बाटलीत मुळातच होते आणि कार्बोलिक न घालणं ही चूक होती. हाफकिनला पदावरून बाजूला केलं. पण गावातली एक गोष्ट नोंदीत होती. ती बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. मलेरियावाले रोनाल्ड रॉस हाफकिनच्या बाजूने उभे राहिले, १९०७ मध्ये नामवंत शास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरला. परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

ही गोष्ट नेहमी 'शास्त्रज्ञावर झालेला अन्याय' म्हणून सांगतात. अन्याय झालाच. गोऱ्या सरकारला ज्यू आणि डॉक्टर नसलेला माणूस बळी द्यायला सोयीचा होता, हेही खरं. पण मला त्यात दुसरंच काही दिसतं. पाच वर्षं सगळे भांडत होते ते दोष कोणाचा यावर, मुंबईचा की मलकवालचा. मान्य, मुंबईची बाटली शुद्ध होती. मान्य, चिमटा पडला. पण चिमटे पडतातच हो! रणरणत्या गावात, रांगेत उभ्या शंभर माणसांपुढे, दमलेल्या मदतनिसाच्या हातून चिमटा कधीतरी पडणार हे गृहीतच धरायला हवं. कार्बोलिक अॅसिड तिथे होतं ते पडलेल्या चिमट्यासाठी. ते काढलं त्या दिवशी लस कमी शुद्ध झाली नाही. फक्त परळच्या प्रयोगशाळेने उचललेला धोका चुपचाप मलकवालच्या मदतनिसाच्या खांद्यावर गेला, आणि ते त्याला कोणी सांगितलं नाही.

आता १२० वर्षं पुढे या.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने इशारा दिला. एझ्रिकेअर नावाचे कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स वापरू नका. बनवणारी कंपनी चेन्नईची, ग्लोबल फार्मा. स्युडोमोनास एरुजिनोसा नावाच्या जंतूची, जवळपास कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देणारी जात पसरली होती, अमेरिकेत त्याआधी कधी न दिसलेली. हिशोब पूर्ण झाला तेव्हा १८ राज्यांतले ८१ रुग्ण होते. १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघे मेले. कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांनी! वापरलेल्या, उघडलेल्या बाटल्यांत तो जंतू सापडला. तामिळनाडूच्या औषध नियंत्रकांनी सांगितलं की त्यांनी तपासलेल्या नमुन्यांत काही आढळलं नाही. (वरचा ८२ टक्क्यांचा हिशोब आठवा. नमुना स्वच्छ निघाला, एवढ्यावरून बॅचबद्दल फारसं कळत नाही.)

माल परत बोलावताना अमेरिकेच्या एफडीएने जी कारणं दिली त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. जंतूंच्या पुरेशा चाचण्या नाहीत हे होतंच, पण त्याशिवाय: पुन्हापुन्हा वापरायच्या बाटलीत पुरेसं प्रिझर्व्हेटिव्ह नाही. हे ड्रॉप्स लोक घेत होते ते कशासाठी? 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' म्हणून!

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाळी आली मुंबईची. एफडीएने २६ प्रकारचे आय ड्रॉप्स वापरू नका असं जाहीर केलं. लेबलांवर नावं अमेरिकेतल्या बड्या दुकानसाखळ्यांची, बनवणारी किलिच हेल्थकेअर इंडिया. तपासनिसांना कारखान्यात अस्वच्छता दिसली आणि उत्पादनाच्या ऐन नाजूक जागांवरून घेतलेल्या नमुन्यांत जंतू निघाले. नोव्हेंबरमध्ये माल परत बोलावला गेला. आपल्याकडे कोणाला त्रास झाल्याची तक्रार आलेली नाही असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं, तेही नोंदवायला हवं.

इथे कोणी म्हणेल, मग काय, प्रिझर्व्हेटिव्हवालंच घ्यायचं का? इतकं सोपं असतं तर हा लेख दोन परिच्छेदांत संपला असता. बेंझाल्कोनियम जंतूच्या आवरणाला भोकं पाडतं, तसंच ते अश्रूंचा थर विस्कटतं आणि बुबुळाच्या वरच्या पेशींनाही त्रास देतं. आठवड्याभराच्या कोर्सला फरक पडत नाही. पण काचबिंदूचे रुग्ण वर्षानुवर्षं ड्रॉप्स घालतात, आणि कोरड्या डोळ्यांना दिवसातून सहा-सहा वेळा घालणारे आपल्यातही आहेत. त्यांना डॉक्टर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं देतात ते बरोबरच आहे. डोळ्याच्या आत, शस्त्रक्रियेत वापरायच्या द्रवात तर ते चालतच नाही.

भुलीच्या औषधांत हाच पेच फार आधीपासून आहे आणि भूलतज्ज्ञांनी तो आपल्यापेक्षा जास्त गांभीर्याने घेतलाय. दाताच्या डॉक्टरकडे लिग्नोकेनची ३० मिलीची रबरी बुचाची बाटली बघितली असेल. त्यात सुई पुन्हापुन्हा जाते, म्हणून त्यात मिथाइलपॅराबेन असतं. तेच कंबरेत, मणक्यात द्यायचं भुलीचं औषध घ्या. ते छोट्या काचेच्या अँप्युलमध्ये येतं, प्रिझर्व्हेटिव्हशिवाय, कारण मज्जातंतूंजवळ असलं काही नको. पण मग नियमही कडक. अँप्युल फोडली, एका पेशंटला दिलं, उरलेलं टाकलं. रसायन काढलं, त्या जागी शिस्त आणि बाटलीचा आकार ठेवला.

मणक्याजवळ चुकीचं रसायन गेलं तर काय होतं याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. १९४७ मध्ये चेस्टरफील्डच्या रुग्णालयात वूली आणि रो नावाच्या दोघांना एकाच दिवशी मणक्यात भूल दिली आणि दोघेही कमरेखाली कायमचे अधू झाले. अँप्युल बाहेरून निर्जंतुक राहाव्यात म्हणून फिनॉलमध्ये बुडवून ठेवत. काचेला न दिसणाऱ्या चिरा होत्या आणि त्यातून फिनॉल आत झिरपलं, असं कोर्टाने १९५४ मध्ये मानलं. (खरं कारण वेगळंच असावं, असं नंतरच्या काही अभ्यासकांचं मत आहे.) फिनॉल म्हणजेच कार्बोलिक अॅसिड, बरं का. परळला जे नव्हतं म्हणून ठपका आला, तेच इथे खलनायक!

आणि उलट दिशेचं उदाहरण प्रोपोफॉलचं. दुधासारखं पांढरं दिसणारं हे भुलीचं औषध सोयाबीन तेलाच्या इमल्शनमध्ये असतं, म्हणजे जंतूंना पंगतच. आलं तेव्हा त्यात जंतूंना रोखणारं काहीच नव्हतं. १९९० ते १९९३ या काळात अमेरिकेतल्या सात रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर संसर्गाच्या लाटा आल्या. शोध घेतल्यावर सापडल्या त्या अगदी माणसाळलेल्या सवयी: सिरिंज आधीच भरून ठेवायच्या, एकच व्हायल अनेकांना वापरायची. नियम होते, पण पाळले जात नव्हते. शेवटी १९९६ मध्ये कंपनीने औषधातच थोडं ईडीटीए घातलं, जंतूंची वाढ मंदावावी म्हणून. प्रशिक्षित भूलतज्ज्ञांच्या हातूनही चिमटे पडतात हे मान्य केलं, थोडक्यात.

मग ज्याला कसलंही प्रशिक्षण नाही, अशा तुमच्या-माझ्या हातात प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली बाटली देताना काय विचार केलेला असतो?

चांगल्या कंपन्या करतात. एक तर एकदाच वापरायच्या छोट्या प्लास्टिकच्या नळ्या, ज्या एकाच यंत्रात फुगवून, भरून, बंद होतात. डोकं मोडायचं, थेंब घालायचे, फेकून द्यायचं. दुसरं म्हणजे झडप किंवा फिल्टर असलेली बाटली. थेंब बाहेर येतो पण परत आत जात नाही, आणि हवा आत जाते ती ०.२ मायक्रॉनच्या जाळीतून गाळून. प्रिझर्व्हेटिव्हचं काम इथे बाटली करते. हे उत्तम डिझाइन आहे, महाग आहे आणि महाग असण्याचं कारण समजण्यासारखं आहे.

माझा आक्षेप आहे तो तिसऱ्या प्रकाराला: साधी बाटली, साधी नळी, आत प्रिझर्व्हेटिव्ह नाही आणि वर 'फ्री'चा टिळा. आणि आपल्या आळसालाही. छोट्या नळीतलं उरलेलं औषध झाकण लावून खिशात ठेवणारे मी बघितलेत. बाटलीच्या टोकाला भोक पाडायला झाकणातच काटा दिलेला असतो, तरी सेफ्टी पिन घेऊन बसणारेही बघितलेत. एकच बाटली घरभर फिरते. डोळे आलेल्या भाच्याला घातलेले ड्रॉप्स दोन महिन्यांनी आजीच्या डोळ्यात. टाकून द्यायला गेलं तर आजी म्हणणार, "अरे, अजून अर्धी आहे की! एक्स्पायरी पुढच्या वर्षीची आहे, टाकतोस काय?" आजीचं चुकत नाहीये. मोठ्या अक्षरात छापलेली तारीख तीच आहे. 'उघडल्यावर एका महिन्यात वापरा' ही ओळ भिंग घेऊन शोधावी लागते, आणि ज्याला ड्रॉप्स लागतात त्यालाच ती वाचायला सांगायची, हा विनोद कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही :)

सरकारने औषध कारखान्यांसाठीचे नियम, म्हणजे शेड्यूल एम, डिसेंबर २०२३ मध्ये सुधारले, छोट्या कारखान्यांना २०२५ अखेरपर्यंत मुदत दिली. चांगलं झालं. पण ते सगळं सील तुटण्याआधीचं. सील तुटल्यानंतरचं काय? मला तरी दोन गोष्टी सहज करण्यासारख्या वाटतात. 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' असं छापायचं असेल तर त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात, त्या जागी काय आहे तेही छापायची सक्ती हवी: फिल्टरची बाटली की एकदाच वापरायची नळी. दोन्ही नसेल तर तो माल पुन्हापुन्हा वापरायच्या बाटलीत विकताच येऊ नये. आणि दुसरं, लेबलवर एक्स्पायरीच्या शेजारी एक रिकामी चौकट: 'उघडल्याची तारीख'. शाईचा खर्च किती तो येईल?

तोपर्यंत मार्कर आपल्या हातात आहे. दुकानात विचारायचा प्रश्नही एकच आहे, "यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, तर मग बाटलीत काय आहे?" आमच्या सेक्टरमधल्या केमिस्टला विचारलं तर त्याने खोका उलटसुलट करून पाहिला, आतला कागद उलगडला, आणि शेवटी म्हणाला, "थांबा, कंपनीच्या माणसाला फोन करतो." चार दिवस झाले, अजून फोन लागायचाय.